पऱ्हाटीच्या मागावर पाच दिवस

पहिला दिवस : नागपूर ते सेवाग्राम

गेल्या वर्षी आम्ही नेदरलँड्सला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या काड्यांच्या, नऊ पिशव्या पाठवल्या, त्यांतल्या चार पिशव्यांना बुरशी लागली. पिशव्या प्लॅस्टिकच्या होत्या, भरताना घाई झाली होती आणि ओलावा मोजला होता तो फक्त ढिगाच्या वरच्या थराचा. भरणारी मीच होते. तिकडे पिशव्या उघडल्या तर आत पांढरी जाळी, आणि त्या नमुन्यांतल्या साखरेचे आकडे आमच्या आकड्यांशी काही केल्या जुळेनात. तीन महिने दोन्हीकडचे लोक आपापली यंत्रं तपासत बसले. शेवटी तिकडची सहकारी फोनवर म्हणाली, "ही काडी जिथे उगवते ते शेत मला एकदा बघू दे." हा प्रवास त्या वाक्यातून ठरला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती आली. सोबत ब्राझीलचे एक प्राध्यापक होते, बुरशी आणि तिच्या एन्झाइमांवर आयुष्य घालवलेले. नागपूर विमानतळाबाहेर गाडी घेऊन उभ्या असलेल्या दादांनी पहिल्या दहा मिनिटांतच पाहुणीला 'ताई' आणि प्राध्यापकांना 'सर' करून टाकलं. मीही इथे तेच वापरते.

आमचं काम तीन देशांतल्या तीन प्रयोगशाळांत वाटलेलं आहे. पीक घरी आल्यावर शेतात जे उरतं त्यापासून इंधन आणि रसायनं करायची. विदर्भातले नमुने जमवणं आणि त्यांची घडण मोजणं आमच्याकडे, हवा न देता तापवून त्यातून तेल काढणं ताईंकडे, आणि एन्झाइम लावून काडीतली साखर सोडवणं, जी आंबवली की इथेनॉल होतं, ते सरांकडे. असं काम देशांनी मिळून करावं यासाठी 2015 साली पॅरिसच्या हवामान परिषदेत 'मिशन इनोव्हेशन' सुरू झालं. एप्रिल 2022 मध्ये दिल्लीत त्याच मंचावर एकात्मिक जैवशुद्धीकरणाची, म्हणजे अशा काडीकचऱ्यापासून एकाच ठिकाणी इंधन आणि रसायनं करण्याची, मोहीम जाहीर झाली, तिचं नेतृत्व भारत आणि नेदरलँड्सकडे आहे. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्याच जी-20 परिषदेत जागतिक जैवइंधन आघाडी उभी राहिली. या सगळ्याचं शेवटचं टोक म्हणजे कुणीतरी वावरात उभं राहून पिशवी भरणं, आणि आमची चूक नेमकी तिथेच झाली होती.

बुटीबोरी मागे टाकून दुपारी सेवाग्रामला पोहोचलो. आश्रमाच्या माती-बांबूच्या भिंतींपाशी ताई बराच वेळ थांबल्या. संध्याकाळी वर्ध्याला मगन संग्रहालयात गेलो. गांधीजींच्या हस्ते 1938 साली उघडलेलं हे संग्रहालय मी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, पण तेव्हा मगनदीपापाशी थांबले नव्हते. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा हा कंदील संग्रहालयाच्या याच मगनवाडी आवारात, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाच्या काळात तयार झाला. दिव्याचं तेल बाहेरून येऊ नये, गावातल्याच बियांतून निघावं, हा त्यामागचा विचार. सर वाकून त्याची वात आणि टाकी बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे 1973 च्या तेलटंचाईनंतर, 1975 मध्ये उसाच्या अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तुम्ही तर त्याच्या कितीतरी आधी इथे बसून हेच करत होता." मी वर्धा जिल्ह्याची. मला ते ऐकून फार बरं वाटलं.

दुसरा दिवस : हिंगणघाट, पांढरकवडा

सकाळी सातला निघालो. हिंगणघाटच्या आसपास रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागलेला असतो, भरून जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला. ताईंना आधी ती फुलंच वाटली. वडनेर, वडकी मागे पडलं आणि पांढरकवड्याच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत वळलो.

तिथले शेतकरी काकाजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून वाट बघत होते. सहा एकर वावर, त्यात चार एकर कपाशी, मधूनमधून तुरीच्या ओळी. उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, होऊन महिना झाला होता. अर्धी पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचलेली, अर्धी अजून उभी. घराला लागून गुरांचा गोठा होता, त्याची भिंत कुडाची. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, उभ्या, त्यांना आडव्या बांधलेल्या कामट्या, वरून शेणमातीचं लिंपण. एका कोपऱ्यात लिंपण गळून आतलं सगळं उघडं पडलं होतं. काडीची रचना समजावायला मी इतकी वर्षं फळ्यावर आकृत्या काढत आले, आणि उत्तर इथे गोठ्यात उभं होतं. तुराट्या म्हणजे सेल्युलोज, साखरेच्या लांबच लांब सरळ साखळ्या. त्यांना धरून ठेवणाऱ्या कामट्या आणि दोर म्हणजे हेमिसेल्युलोज. लिंपण म्हणजे लिग्निन, ज्यामुळे झाड ताठ उभं राहतं आणि पाणी, किडा, बुरशी सहजी आत शिरत नाही. इंधन करायचं तर हे लिंपण उकरावं लागतं, दोर सोडावे लागतात, तेव्हा कुठे तुराटी हाती येते. काकाजींच्या मुलाने ऐकलं आणि विचारलं, "मंग लिंपन फेकता का तुमी?" नाही. त्याचंच तर रसायन करायचंय, किंवा जाळून कारखान्याची वाफ तरी.

मग उपटणी. लोखंडी चिमट्यात बुंधा धरायचा, दांड्यावर भार द्यायचा, की मूळ कडकन बाहेर येतं. ताईंनी वीसेक झाडं स्वतः उपटली. मुळाला मुठीएवढा काळ्या मातीचा गोळा. त्यांनी तो हातात चुरला आणि त्यांचा चेहरा बदलला. प्रयोगशाळेत पोहोचलेल्या भुकटीत राख जास्त का येते, हे कोडं त्यांना वर्षभर सुटलं नव्हतं. सर म्हणाले, "ब्राझीलमध्ये उसाच्या पाचटाबरोबर येणाऱ्या मातीने यंत्रांची पाती झिजवली, पहिल्या कारखान्यांना हा धडा फार महाग पडला."

"मंग कापून न्या ना," काकाजी म्हणाले. "बुडखे राहू द्या वावरात."

"बुडखा ठेवला तं फुटते बाबा, अन् अळीले आयतं घर," मुलगा म्हणाला.

त्याने झाडावर वाळून राहिलेलं एक बोंड तोडलं, अंगठ्याने फोडलं, आतून दोन सरक्या काढल्या. एकमेकींना चिकटलेल्या. नखाने वेगळ्या केल्या तर दोन्हींच्या पोकळीत मिळून एक गुलाबी अळी अंगाचं वेटोळं करून झोपलेली. हवामान बदलेपर्यंत ती अशीच पडून राहते. 2017 साली या बोंडअळीने विदर्भात काय केलं ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तेव्हापासून कृषी विद्यापीठ आणि कापूस संशोधन संस्था सांगतायत, फरदड, म्हणजे हंगाम लांबवून घेतलेला कापूस, घेऊ नका, हंगाम वेळेत संपवा, पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नका. म्हणजे यंत्राला हवी बुंध्यावरून कापलेली स्वच्छ काडी, आणि पिकाच्या आरोग्याला हवी मुळासकट उपटलेली. माझं मत विचाराल तर इथे यंत्रानेच नमतं घ्यावं. माती झटकायची, चाळायची, धुवायची सोय कारखान्यात करता येते. अळीची सोय करून देणारं कुठलंही इंधन मला नको.

ढिगाकडे वळलो. ओलावा मोजायचं यंत्र काढलं तसे काकाजी पुढे आले. कापूस विकताना ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि बाराच्या वर गेला की माल परत येतो, त्यामुळे हे मोजमाप त्यांना आमच्याइतकंच कळतं. वरच्या काड्या 11 टक्के. "आतून पाहा," ते म्हणाले, आणि हात कोपरापर्यंत ढिगात घालून एक मूठ ओढून काढली. 19 टक्के. "मागच्या पंधरवड्यात शिरवं आलं होतं. वरून वाळते, आत नाही वाळत." माझ्या चार पिशव्यांची बुरशी या दोन वाक्यांत उलगडली. तीन महिने दोन खंडांत शोधलेलं उत्तर काकाजींच्या कोपराशी होतं.

नमुना काढायची जगभर रूढ असलेली रीत अशी आहे. ढिगाच्या वेगवेगळ्या जागांहून काड्या घ्यायच्या, तोडून बारीक करायच्या, त्यांचा शंकूसारखा ढीग घालायचा, सपाट करून चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला सारायचे. मग उरलेल्याचं पुन्हा तेच. टनभर काडीतून किलोभर, किलोतून मूठभर. शेवटी प्रयोगशाळेत त्यातली 0.3 ग्रॅम भुकटी 72 टक्के गंधकाम्लात 30 अंशांवर तासभर ठेवतात, मग आम्ल पाणी घालून 4 टक्क्यांवर आणतात आणि 121 अंशांवर आणखी एक तास. अमेरिकेत कोलोरॅडोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने लिहून दिलेली ही पद्धत ब्राझीलपासून नागपूरपर्यंत सगळे वापरतात, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला वाचता येतो. पण त्या 0.3 ग्रॅममागे कुठला ढीग होता, त्यावर कधी पाऊस पडला, काडी मुळासकट होती की कापलेली, हे त्या पद्धतीत कुठेच लिहिलेलं नाही. ते लिहिणं आमचं काम होतं आणि आम्ही पिशवीवर फक्त 'पऱ्हाटी, यवतमाळ' एवढंच लिहीत आलो.

आणखी एक गोष्ट तिथेच समजली. मुलाने एक काडी सोलून दाखवली. साल वरपासून खालपर्यंत एका लांब पट्टीत निघून आली, ओढून तुटेना. ही साल चक्कीच्या दांड्याला गुंडाळते आणि चक्की अडकते. आमच्या छोट्या चक्कीचं तेच व्हायचं आणि आम्ही दोष देत होतो मोटरला.

दुपारी एक मावशी डोक्यावर पऱ्हाटीची मोळी घेऊन धुऱ्यावरून आल्या. आमच्या पिशव्या बघून थांबल्या.

"कायले नेता जी ह्या काड्या?"

मी सांगितलं, यातून इंधन करायचंय.

"इंधनच तं हाय हे," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे चुलीच्या सरपणाला इंधनच म्हणतात. लहानपणापासून ऐकलेला शब्द, पण प्रकल्पाच्या अहवालात लिहिताना तो कधी माझ्या कानात वाजला नव्हता.

मावशींना स्वतःचं वावर नाही. त्या काकाजींकडे मजुरीला येतात आणि जी पऱ्हाटी उपटेल तिची पऱ्हाटी, असा इथला रिवाज आहे. "हे सारं तुमी नेलं तं पावसाळ्यात चूल कायनं पेटवू?" घरात सिलिंडर आहे, पण ते चहापुरतं. ताईंनी मला विचारायला सांगितलं, पावसाळ्यात किती लागतं? मावशींनी हिशेब मोळ्यांत दिला. आखाडापासून पोळ्यापर्यंत रोज अर्धी मोळी. त्यांची परवानगी घेऊन मोळी काट्याला लावली. 17 किलो. म्हणजे दोन महिन्यांचं पाच क्विंटल, एका घराचं. हेक्टरी दोन ते तीन टन, म्हणजे एकरी साधारण टनभर पऱ्हाटी धरली तर अर्धा एकर रान एका चुलीला लागतं. आमच्या तक्त्यात ही सगळी काडी 'उपलब्ध' या रकान्यात बसलेली होती. ताईंनी वही काढून तिथेच एक नवा रकाना आखला. मी त्यावर मराठीत लिहिलं, 'घरचा वाटा'.

काकाजींचा प्रश्न सरळ होता. "एका एकरातून किती निघन?"

मी जे ठाऊक आहे तेच सांगितलं. हरियाणात पानिपतला ऑगस्ट 2022 मध्ये तणसापासून, म्हणजे पेंढ्यापासून, इथेनॉल करणारा कारखाना देशाला अर्पण झाला. वर्षाला दोन लाख टन तणसातून तीन कोटी लिटर, असा त्याचा आराखडा. म्हणजे टनाला दीडशे लिटर. पण ते धानाचं तणस. पऱ्हाटी लाकडासारखी, तिच्यात लिंपण जास्त. तिचा आकडा काढायलाच आम्ही आलोय.

"अन् ट्रॅक्टरचं भाडं कोन देईन?" सुटी पऱ्हाटी ट्रॉलीत भरली की निम्मी हवाच जाते. म्हणून तिचा चुरा करून दाबून विटा किंवा गोळ्या कराव्या लागतात, आणि ते गावाजवळच व्हायला हवं. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे, तिथे यावर बरीच वर्षं काम झालेलं आहे. आणि जिथे गाडी पोहोचतच नाही तिथे हैदराबादच्या कोरडवाहू शेती संस्थेने तेलाच्या रिकाम्या पिंपापासून केलेली बायोचारची भट्टी आहे. कमी हवेत काडीचा कोळसा करायचा आणि तो मातीत परत घालायचा. मुलाने त्या पिंपाला भोकं कुठे पाडायची ते दोनदा विचारून घेतलं.

रात्री वावरातच रोडगे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, वांग्याची भाजी, वर तूप. शेकोटीजवळ सरांनी एक हकिगत सांगितली. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजून जायला लागले. कापूस खाणारी ही बुरशी कोणती, हे शोधायला सैन्याने माणसं बसवली. बूगनव्हिल बेटावरच्या तंबूच्या कापडातून एक जात वेगळी काढली गेली, आणि तिच्यावर आयुष्य वेचणाऱ्या एल्विन रीस यांच्या नावावरून पुढे तिला ट्रायकोडर्मा रीसेई नाव मिळालं. आज सेल्युलोज तोडणारे बहुतेक एन्झाइम कारखान्यात तिच्याकडूनच करवून घेतात. कापसाच्या कापडावर सापडलेली बुरशी आता कापसाच्या काडीवर काम करणार. सर म्हणाले, "तुमच्या त्या चार पिशव्या मी फेकलेल्या नाहीत. तुमच्या मातीतली बुरशी तुमची काडी कशी खाते, ते मी बघतोय." वर्षभर ज्या पिशव्यांची मला लाज वाटत होती त्या कुणीतरी जपून ठेवल्या होत्या.

तिसरा दिवस : वणी, चंद्रपूर, चिचपल्ली

वणीपासून रस्ता कोळशाच्या ट्रकांचा. अंगावर, काचेवर, झाडांच्या पानांवर काळी पूड. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॅटचं, त्याच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. अशा केंद्रांनी कोळशात थोड्या काडीच्या गोळ्या मिसळून जाळाव्यात असं केंद्र सरकारचं धोरण आहे. ताई म्हणाल्या, काडीतलं पोटॅशियम वितळून बॉयलरच्या नळ्यांवर काचेसारखा थर धरतं. काही ठिकाणी आधी काडी भाजून मगच वापरतात, पण ते ती सहज दळता यावी म्हणून. त्यावर फार थांबलो नाही. नुसती जाळायचीच असेल तर काडीची कदर फारशी होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

चिचपल्ली चंद्रपूर-मूल रस्त्यावर. इथल्या बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राच्या आवारात उन्हं कलेपर्यंत फिरलो. बांबूची गोष्ट निघाली की मला आसाम आठवतं. नुमालीगडला सप्टेंबर 2025 मध्ये बांबूपासून इथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला. वर्षाला पाच लाख टन हिरवा बांबू, त्यातून 49 हजार टन इथेनॉल, आणि सोबत 19 हजार टन फरफ्युरल, 11 हजार टन ॲसेटिक ॲसिड. तंत्रज्ञान फिनलंडचं, भागीदारीत फिनलंड आणि नेदरलँड्सच्या कंपन्या, बांबू ईशान्येचा. दोन खंडांतली माणसं एका काडीभोवती बसली की काय उभं राहू शकतं, ते तिथे दिसतं.

फरफ्युरल हा शब्द नवा वाटेल, पण वस्तू जुनी आहे. हेमिसेल्युलोजमधल्या पाच कार्बनच्या साखरेला आम्ल आणि वाफ दिली की ते निघतं. अमेरिकेत 1920 च्या दशकात ओटच्या फोलपटांपासून त्याचं उत्पादन सुरू झालं, कारण नाश्त्याचे ओट करणाऱ्या कारखान्यात फोलपटांचे डोंगर साठले होते. ओतकामाच्या साच्यांची राळ, वंगणतेल शुद्ध करणारं द्रावण, असे त्याचे कितीतरी उपयोग. आपल्या कुडाच्या भिंतीतले दोर, तेच हे.

आणि इथून दूर नाही असं बल्लारपूर. कागद कारखान्यात बांबू शिजवला की लिग्निन काळ्या पाण्यात उतरतं आणि तेच काळं पाणी आटवून जाळून कारखान्याला वाफ देतं. दादांचे वडील त्या रस्त्याने बांबूचे ट्रक चालवायचे. गाडी चालवता चालवता ते म्हणाले, "म्हणजे हे तुमचं सारं आमच्या बाबाच्या ट्रकातून गेलंच आहे आधी." खरंच गेलं आहे. फरक इतकाच की आता लिंपण जाळण्याआधी त्यातून आणखी काही काढायचं आहे.

चौथा दिवस : मेंढा

मूल, सावली, मग वैनगंगा ओलांडून गडचिरोली, तिथून धानोऱ्याच्या वाटेवर मेंढा-लेखा, गोंड आदिवासींचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा महाराष्ट्राने इथून ऐकली. 2009 साली या गावाला वनहक्क कायद्याने सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. निर्णय इथे बहुमताने होत नाही, सगळ्यांच्या संमतीने होतो, आणि निर्णयाआधी अभ्यास गट बसतो.

बांबूच्या नमुन्यासाठी आम्ही आधी कळवून, विचारून गेलो होतो. सावलीत बसून दोन तास बोलणं झालं. मराठी, गोंडी, इंग्रजी, मध्ये मध्ये सरांचं पोर्तुगीज पुटपुटणं. बांबू कसा तोडायचा ते त्यांनी सांगितलं. यंदा-गेल्या वर्षीचा कोवळा वासा सोडायचा, बेटातले काही जुने आधाराला ठेवायचे, जमिनीच्या वरचं पहिलं पेर राखून वर घाव घालायचा. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, निघतात, तेही सगळे खायला काढायचे नाहीत. ताईंनी हे सगळं लिहून घेतलं, कारण त्यांच्या भट्टीला वयाने वेगळा बांबू वेगळं तेल देतो आणि बांबूचं वय विचारायचं असतं हे आतापर्यंत कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

मग एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "तुम्ही इथून काडी नेता. तिचं काय झालं ते आम्हाला कोण सांगते?"

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. कागदावर उत्तर आहे. नमुना देशाबाहेर न्यायचा तर 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या चौकटीत राहावं लागतं, परवानगी आणि वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते सगळं आम्ही करतो. पण आमचा एकही अहवाल आजवर मराठीत लिहिला गेलेला नाही. मी तिथे शब्द दिला की या वर्षीचे आकडे दोन पानी मराठीत ग्रामसभेला मिळतील, आणि ते आले नाहीत तर पुढच्या वर्षी नमुना मागायला आम्ही येणार नाही. ताईंना भाषांतर करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या नावाचीही सही घे त्यावर."

पाचवा दिवस : ब्रह्मपुरी, नागभीड, नागपूर

हा दिवस धानाचा, आणि बहुतेक गाडीतच गेला. आरमोरी, ब्रह्मपुरी, दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली वावरं. एका राइस मिलच्या मागे तुसाचा, म्हणजे धानाच्या टरफलांचा, ढीग घरापेक्षा उंच. धानाच्या वजनात पाचवा हिस्सा तूस, तूस जाळलं की त्याचा जवळपास पाचवा हिस्सा राख, आणि त्या राखेत बहुतेक सगळी सिलिका, वाळूत असते तीच. मिलवाल्यांची तक्रार राख उडते ही, आणि सिमेंटपासून टायरपर्यंत सगळ्यांना सिलिका हवी. ताईंनी दोन पिशव्या भरल्या, एक कच्च्या तुसाची, एक राखेची.

नागभीड तालुक्यातून जाताना मी त्यांना नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंची गोष्ट सांगितली. 1983 साली त्यांना आपल्या बांधीत 'पटेल-3' जातीच्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षं निवडत पेरत राहिले, आणि तेव्हा सगळ्यांच्या हातात दिसणाऱ्या घड्याळाचं नाव त्या वाणाला मिळालं, एचएमटी. हा तांदूळ आज देशभर शिजतो. दादाजी 2018 साली गेले. सरांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि उतरून त्या बांध्या नुसत्या बघत उभे राहिले. मग म्हणाले, वेगळी लोंबी दिसणं हाच तर सगळ्या निवडीचा पहिला टप्पा, आमच्याकडे त्याला प्रयोगशाळा लागते.

भिवापूर, उमरेड करत संध्याकाळी नागपूर. रात्री नऊपर्यंत पिशव्या बांधत बसलो. या वेळी सगळ्या पिशव्या जाड सुती कापडाच्या, प्रत्येकीसोबत आतल्या मालाचा थोडा नमुना 105 अंशांवर वाळवून काढलेला ओलाव्याचा आकडा. ओलावा तीन थरांचा, वरचा, मधला, बुडाचा. चिठ्ठीवर नऊ रकाने, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत: वाण, माती, उपटल्याची तारीख, मुळासकट की कापून, ढीग किती दिवसांचा, पाऊस, बांबू असेल तर वय, देणाऱ्याची संमती, आणि शेवटी घरचा वाटा. ताईंनी त्याच तक्त्याचा फोटो काढून आपल्या प्रयोगशाळेला पाठवला. तिन्हीकडे आता हाच तक्ता चालेल.

पिशव्यांना गाठी मारत असताना काकाजींच्या मुलाचा फोन आला. उभ्या पऱ्हाटीच्या दोन ओळी त्याने आमच्यासाठी ठेवल्यात, अळीच्या भीतीने जास्त दिवस ठेवता येणार नाहीत, सोमवारी उपटायच्या आहेत. पिंप मिळालंय, भोकं पाडायची बाकी आहेत. आणि मावशींचा निरोप, त्यांच्या शेजारच्या दोन घरच्या मोळ्याही काट्याला लावायच्या आहेत, मॅडमले लवकर या म्हना, उन्हं व्हायच्या आत.